अण्णांचं खोटं रिव्हॉल्व्हर

आमच्या घरात निघालेलं रिव्हॉल्व्हर खोटं आहे, हे मी सिद्ध करून दाखवलं होतं. भिंग लावून, कारणांसहित आणि साक्षीदारांसमोर.

(पिस्तूल नव्हे, रिव्हॉल्व्हर. दोन्हींत फरक असतो. तो मी नीलिमाला, म्हणजे माझ्या बायकोला, पुष्कळदा समजावून सांगितला आहे. ती म्हणते, "ज्याच्या समोर रोखलंय त्याला काय फरक पडतो?")

माझा या विषयातला अधिकार काय, ते आधी सांगतो. मी आयुष्यभर पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. तयार पंप माझ्या टेबलावर यायचा, मी त्याच्याकडे बघायचो, तो माझ्याकडे बघायचा आणि मग मी त्याच्यावर 'पास' किंवा 'नापास' असा शिक्का ठोकायचो. अशी नोकरी केलेल्या माणसाला जगातली कुठलीही वस्तू नुसती हातात घेतली की अस्सल-नक्कल कळतं. निदान त्याला तसं वाटतं. (मी पास केलेले पंप बऱ्याचदा परत यायचे. पण तो विषय वेगळा.)

निवृत्त झाल्यावर पास करायला काही उरलं नाही, तेव्हा मी मोबाइलवर जुन्या शस्त्रांचे व्हिडिओ बघायला लागलो. त्यातही ब्रिटिश फौजेची रिव्हॉल्व्हरं हा माझा खास प्रांत. सकाळी पोहे खाता खाता मी नीलिमाला सांगायचो, "साहेबाच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली ना, की माणूस उडून थेट भिंतीला चिकटायचा!"

"अहो, साहेब गेला केव्हाच," ती म्हणायची. "लिंबू पिळू का?"

तर अशा या घरात माझ्या सासूबाई, म्हणजे माई, राहायला आल्या. कर्वेनगरातली त्यांची इमारत पाडून नवीन बांधणार होते, म्हणून त्यांचा मुक्काम कोथरूडला आमच्याकडे. माझे सासरे, अण्णा, जंगलखात्यात अधिकारी होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. माईंचं सगळं आयुष्य जंगलातल्या सरकारी बंगल्यांवर गेलेलं. त्यामुळे त्यांचा आवाज एका टेकडीवरून बोललं तर दुसऱ्या टेकडीवर ऐकू जाईल असा. दुधाची पिशवी घ्यायला त्या दाराशी गेल्या, की खालच्या मजल्यावरचेही आपली पिशवी घ्यायला बाहेर येतात.

सामान लावताना त्यांच्या लोखंडी ट्रंकेतून अण्णांची एक मफलर निघाली. मफलरीत काहीतरी जड गुंडाळलेलं.

"ते अण्णांचं आहे," माई म्हणाल्या. "जपून."

मी मफलर सोडली. रिव्हॉल्व्हर!

"माई, हे इतकी वर्षं तुमच्याकडे होतं?"

"मग कोणाकडे असणार? जंगलात असताना उशीशी असायचं ह्यांच्या. एकदा सागवानचोर थेट अंगणात आले. अण्णा हे घेऊन ओट्यावर उभे राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. चोर बैलगाडी तिथेच टाकून पळाले! बैलांना कडबा मी घातलाय माझ्या हाताने."

ही गोष्ट नीलिमाने लहानपणापासून ऐकलेली. मला मात्र गोष्टीपेक्षा वस्तू महत्त्वाची. मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, भिंग आणलं आणि खुर्ची ओढून बसलो. आधी ते मधून उघडलं आणि गोळ्यांची चक्री रिकामी आहे ना, ते पाहिलं. (एवढी अक्कल मला आहे. पुढे पोलिसांनी यावर शंका घेतली, ते सोडा.) मग एकेक खूण बघायला लागलो. आणि जसजसा बघत गेलो, तसतसा माझा चेहरा पंप नापास करतानाचा झाला.

"माई," मी म्हणालो, "हा घोडा बघा."

"कुठाय घोडा?"

"हे मागचं. जे काडतुसावर आपटतं त्याला घोडा म्हणतात. खऱ्या फौजी रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला मागे शेंडी असते, अंगठ्याने ओढायला. याचा पार गोटा केलाय! आता घोडा मागेच ओढता येत नाही, तर गोळी सुटणार कशी?"

"चाप दाबून?" नीलिमा म्हणाली.

मी हसलो. अडाणी प्रश्नाला सुशिक्षित माणूस हसतो तसा. "बरं, आता हे बघ. काय दिसतंय?"

तिने भिंगातून पाहिलं. "कावळ्याचा पाय."

"बरोब्बर! तीन रेघा एका टोकाला मिळालेल्या. आणि इथे तर दोन पाय टोकाला टोक लावून काढलेत. मला सांग, ज्यांच्या राज्यावर सूर्य मावळत नव्हता, ते लोक आपल्या शस्त्रावर कावळ्याचा पाय काढतील?"

"पण वर मुकुट आहे की," माई म्हणाल्या.

"मुकुट बिस्किटाच्या पुड्यावरही असतो, माई. आणि शेवटचा पुरावा." मी भिंग सरकवलं. "हा नमुन्याचा अंक. त्याच्यापुढे बारीकशी चांदणी कोरलीय, दिसली? चांदणी म्हणजे काय?"

"काय?"

"अटी लागू! सेलच्या जाहिरातीत असते तशी. लष्कर कधी शस्त्रावर 'अटी लागू' असं छापेल का?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी ती मान्यता समजलो आणि पुढे सुटलो. मुठीखालची गोल कडी दाखवली. "हे दुकानात खिळ्याला लटकवायला." मग वजनावर आलो. "अहो, साहेबाचं रिव्हॉल्व्हर म्हणजे उखळ! हे तर बायकांच्या पर्समध्ये मावेल."

"मावायचंच," माई म्हणाल्या. "अण्णा फिरतीवर असले की माझ्याच पिशवीत असायचं."

"झालं तर मग! फार चांगली नक्कल आहे, यात वाद नाही. लोखंड चांगलं वापरलंय. पण आहे खेळणं."

माईंनी मफलरीची घडी घातली, उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. माईंना गप्प बसलेलं मी त्याआधी कधीही पाहिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरूनही फोन आला, "माईंची तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या फोटोला हार नव्हता. तो देवघरातल्या बाळकृष्णाला घातलेला होता, पार पायाखाली लोळत होता बिचाऱ्याच्या. अण्णांना कॉफी फार प्रिय, म्हणून माई रोज सकाळी फोटोपुढे कपभर कॉफी ठेवायच्या. ती त्यांनी त्या दिवशी स्वतः पिऊन टाकली.

"माई, काय झालं?" नीलिमाने विचारलं.

"काही नाही. बिबटे फिरायचे हो अंगणातून. तू तान्ही होतीस. मी म्हणायचे, ह्यांच्या उशीशी आहे ना, मग मला कसली भीती! गाढ झोपायचे. आणि ते काय होतं? खेळणं!" मग थोडं थांबून, "मला म्हणायचे, तुझ्या हातची आमटी जगात कुठे मिळत नाही. आता तेही खरं होतं की काय, कोण जाणे."

नीलिमा तडक स्वयंपाकघरातून माझ्याकडे आली. हातात उलथनं होतं, म्हणून मी उभा राहिलो.

"तुम्ही काय केलंत कळतंय का? तिच्या नवऱ्याला खोटं ठरवलंत!"

"नवऱ्याला नाही, रिव्हॉल्व्हरला."

"तिच्यासाठी एकच आहे ते! एवढा मोठा संसार भिंग लावून नापास केलात. जा आणि सांगा की चूक झाली."

"पण चूक झालेलीच नाही," मी म्हणालो. आणि खरंच सांगतो, माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

तरी मनाला लागलं. माईंनी आमटी करणं सोडलं. सागवानचोरांची गोष्ट सांगणं सोडलं. संध्याकाळी गॅलरीत बसून नुसत्या रस्त्यावरच्या स्कूटर बघत बसायच्या. त्यांच्यासाठी काहीतरी करायला हवं, असं मला वाटत होतं. आणि जगातली बहुतेक संकटं, माणसाला काहीतरी करायला हवं असं वाटल्यामुळेच येतात!

त्याच सुमारास सोसायटीचं स्नेहसंमेलन आलं. सेक्रेटरी बापट यांनी स्वतः एक रहस्यनाटक लिहिलं होतं. त्यात मी एका श्रीमंत, खडूस गृहस्थाच्या भूमिकेत, आणि नीलिमा त्याची पत्नी. पहिल्या अंकाच्या शेवटी पत्नी पतीला गोळी घालते. (या प्रसंगाचे संवाद नीलिमाला पहिल्याच वाचनात पाठ झाले. मी त्यातून काही अर्थ काढला नाही.) अडचण एकच होती. बापटांनी आणलेलं खेळण्यातलं पिस्तूल केशरी रंगाचं होतं आणि चाप दाबला की त्यातून दिवे लागून गाणं वाजायचं.

"खून झाल्यासारखा वाटत नाही हो," बापट कुरकुरले. "वाढदिवस झाल्यासारखा वाटतो."

"आमच्याकडे आहे एक," मी म्हणालो. "हुबेहूब फौजी. माझ्या सासऱ्यांचं."

बापट दचकले. "खरं नाही ना?"

"बापट, मी स्वतः तपासलंय."

"म्हणून तर विचारतोय," बापट म्हणाले. पण घेतलं.

मी घरी येऊन माईंना म्हणालो, "अण्णांची वस्तू नाटकात वापरणार आहोत. पहिल्या रांगेत बसायचं तुम्ही." त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना बरं वाटलं.

तालमीत नीलिमाने माझ्या छातीवर नेम धरून चाप ओढला. तो घोडा आपला आपणच मागे गेला आणि खाट्कन पुढे येऊन आपटला.

"अहो," ती म्हणाली, "हे चालतंय."

"स्प्रिंग आहे. बरी खेळणी असतात त्यांत टाकतात स्प्रिंग. पुन्हा मार."

तिने पुन्हा मारली. मग बापटांना कोन पसंत पडेना, म्हणून आणखी मारली. तालमी भरपूर झाल्या. माझ्या छातीवर त्या महिन्यात जेवढे नेम धरले गेले असतील, तेवढे सीमेवरही धरले जात नसतील!

प्रयोगाच्या संध्याकाळी सोसायटीचा हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत मधोमध प्रमुख पाहुण्या बसल्या होत्या. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याच्या निरीक्षक, जाधव मॅडम. बापटांनी त्यांना 'महिला व सुरक्षितता' या विषयावर दोन शब्द बोलायला बोलावलं होतं. त्यांच्या शेजारची खुर्ची ज्येष्ठ नागरिक म्हणून माईंना दिलेली.

अंक रंगला. मी खडूसपणा उत्तम केला. (नीलिमा म्हणते, तो भाग मी केला नाही, तो होताच.) खुनाचा क्षण आला. नीलिमाने पर्समधून रिव्हॉल्व्हर काढलं, माझ्यावर रोखलं आणि म्हणाली, "आयुष्यभर तुमचंच ऐकलं. आता या गोळीचं ऐका!" आणि चाप ओढला.

गोळीचा आवाज बापटांच्या फोनमध्ये भरून ठेवला होता आणि फोन स्पीकरला जोडलेला. नेमका त्याच क्षणी बापटांना फोन आला. चाप ओढला गेला आणि सगळ्या हॉलमध्ये दणदणीत आवाज घुमला, "नमस्कार! आपला गॅस सिलिंडर आज पोहोचवला जाईल!"

मी तेवढ्यावर मेलो. दुसरं काय करणार?

हॉल हसण्यात बुडाला. आणि हसणं ओसरलं त्या नेमक्या घटकेला पहिल्या रांगेतून टेकडीपल्याड जाणारा आवाज उठला. "ते खोटं आहे बरं का, बाई! माझ्या मिस्टरांचं होतं! जंगलखात्यात होते ते! सागवानचोर पळाले होते ते बघून! पण जावई म्हणाले खोटं आहे! त्यांना त्यातलं सगळं कळतं!"

मेलेल्या अवस्थेत मी एक डोळा किलकिला केला. जाधव मॅडम उभ्या राहिल्या होत्या. त्या रंगमंचाकडे अशा चालत आल्या, की रांगेत बसलेल्या लोकांनी पाय आपोआप जवळ घेतले.

"ताई, बोट चापावरून काढा," त्या शांतपणे नीलिमाला म्हणाल्या. "नळी जमिनीकडे. छान. आता ते टेबलावर ठेवा आणि मागे व्हा."

नीलिमाने निमूटपणे सगळं केलं. (मी लग्नापासून इतक्या स्पष्ट सूचना कधीच दिल्या नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.) प्रेक्षकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. पोलिसाचं पात्र बापटांनी शेवटपर्यंत गुप्त ठेवलं म्हणून कोणीतरी "वा, बापट!" असंही ओरडलं.

मॅडमनी रिव्हॉल्व्हर उघडलं, चक्री बघितली, नळीतून दिव्याकडे पाहिलं. "हे कुणी आणलं?"

"प्रेताने," नीलिमा म्हणाली.

"उठवा त्यांना."

मी उठलो नाही. नटाने भूमिका सोडायची नसते. शेवटी मॅडम माझ्याजवळ येऊन वाकल्या. "प्रेत, उठा. नाहीतर उचलून गाडीत घालायला लावीन."

मी उठलो. माइक चालू होता, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"हे खरं आहे, याची कल्पना आहे तुम्हाला?"

"मॅडम," मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "फसलात तुम्ही. मीही फसलो असतो, पण बारकाईने पाहिलं. घोड्याला शेंडी नाही."

"कारखान्यातूनच तसा आलाय. चाप दाबला की घोडा आपोआप मागे जाऊन आपटतो."

"मी म्हटलं होतं," नीलिमा म्हणाली.

"पण हा कावळ्याचा पाय?"

"बाण आहे तो. सरकारी मालावर मारायचे. एक बाण म्हणजे माल फौजेचा. दोन बाण टोकाला टोक लावून म्हणजे फौजेने तो विकून टाकला, आता बाहेरच्या माणसाचा. शस्त्रागारात काम केलंय मी, असली दोन-चार हाताळलीत."

"आणि ती कडी? खिळ्याला लटकवायची?"

"दोरी अडकवायची. दोरी गळ्यात, म्हणजे पडलं तरी हरवत नाही."

माझा एकेक पुरावा असा कोसळत होता. मी शेवटची फळी लढवली. "आणि चांदणी? अंकापुढे चांदणी आहे. चांदणी म्हणजे अटी लागू!"

"त्या नमुन्यात केलेला बदल म्हणजे चांदणी. शेंडी काढली, तोच बदल," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणता तशी अटही लागू आहेच. एकच. परवाना दाखवा."

हॉल पुन्हा हसण्यात बुडाला. आता माणसाने इथे तरी गप्प बसावं की नाही? पण माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. "अच्छा! आलं लक्षात! म्हणजे हे रणगाड्यातल्या सैनिकांचं! दारातून चढता-उतरता शेंडी कपड्यात अडकू नये म्हणून कापलेली. व्हिडिओत होतं!"

"सगळ्याच व्हिडिओंत असतं," मॅडम म्हणाल्या. "आमच्या प्रशिक्षकांना कुणी हे सांगितलं की ते चिडायचे. म्हणायचे, अहो, जवळून आणि झटपट मारायला शिकवत होते, नुसता चाप दाबून. अंगठ्याची शेंडी वापरायचीच नाही तर हवी कशाला? रणगाड्याची गोष्ट ऐकायला बरी वाटते म्हणून टिकलीय. आता गोष्टी पुरे. गोळ्या कुठे आहेत?"

'गोळ्या' हा शब्द ऐकला आणि इतका वेळ मागे राहिलेला एक विचार माझ्यापाशी येऊन पोहोचला. हे खरं आहे. हे खरं रिव्हॉल्व्हर आहे. आणि माझी बायको गेला महिनाभर ते माझ्या छातीवर रोखून, मनापासून, पुन्हा पुन्हा चाप ओढते आहे. आणि मी तिला म्हणतोय, "पुन्हा मार!"

मागे नाटकातला श्रीमंती सोफा होता, त्यावर मी धपकन बसलो. तो सोफा म्हणजे बापटांच्या फ्रीजचं रिकामं खोकं होतं, वर चादर घातलेली. मी त्यात कंबरेपर्यंत गेलो. पडदा पाडावा असं कोणालाही सुचलं नाही.

आणि तेवढ्यात माई रंगमंचाच्या पायऱ्या चढून आल्या.

"बाई, खरं आहे हे?"

"हो आजी, खरं आहे."

"म्हणजे मारता येतं याने?"

"गोळ्या असल्या तर येतं."

"बिबट्याला?"

मॅडम जरा घोटाळल्या. "बिबट्याला... लागली तर लागली, आजी. पण आवाजाने नक्की पळेल."

माईंचा चेहरा असा उजळला, की मी खोक्यात होतो तरी मला तो स्पष्ट दिसला. त्या हॉलकडे वळल्या. त्यांना माइकची गरज नव्हतीच, पण तो होता. "ऐकलंत का सगळ्यांनी? खरं आहे! ह्यांनी मला फसवलं नव्हतं! माझ्याकडे इतकी वर्षं खरं पिस्तूल होतं! पिशवीत घालून बाजारात जायचे मी!"

"माई!" नीलिमा ओरडली. "पोलीस आहेत त्या!"

"असू देत. त्यांच्यामुळेच तर कळलं!"

"आजी," मॅडम म्हणाल्या, "याचा परवाना होता का?"

"होता की. अण्णांबरोबर गेला."

"मग त्यांच्यामागे हे जमा करायला हवं होतं तुम्ही."

"त्यांचा चष्मासुद्धा ठेवलाय मी," माई म्हणाल्या. "तोही देऊ का?"

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. खोकला आला असावा.

पुढचं सगळं पोलीस ठाण्यात. मला तिकडे नेताना सोसायटीतले लोक फाटकापर्यंत पोहोचवायला आले. तालमींना कधीही वेळेवर न आलेले लोक! "येरवड्याला डबा चालतो का हो?" बापटांनी आपुलकीने विचारलं. नीलिमा गाडीत बसता बसता म्हणाली, "येरवडा लांब पडतं. रोज यायचं मी आत्ताच कबूल करत नाही."

ठाण्यात बसल्यावर मात्र माझी सगळी मस्ती उतरली. विनापरवाना शस्त्र घरात ठेवणं म्हणजे गमतीची गोष्ट नाही, हे मॅडमनी हसू पूर्ण बाजूला ठेवून समजावलं. गुन्हा दाखल झाला तर काय काय होतं, तेही सांगितलं. मी माझ्या हातांकडे बघत बसलो. आयुष्यभर शिक्के मारलेले हात, आणि समोर टेबलावर अण्णांचं रिव्हॉल्व्हर, त्याला आता दोरीने बांधलेली चिठ्ठी. शेजारी माई ताठ बसलेल्या. त्यांना कशाचीच भीती नव्हती. माझ्यासारख्या माणसाला त्या क्षणी त्यांचा हात धरावासा वाटला, यावरून कल्पना करा.

आम्हाला वाचवलं ते माईंनीच. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मी लपवलं कुठे? शेजारी बसून स्वतः सांगितलं की तुम्हाला! मोठ्याने!" मोठ्याने सांगितलं, याला दोनशे साक्षीदार होते. शिवाय चौकशीत अण्णांचा परवाना खरंच होता, असं निघालं. गोळ्या त्यांनी निवृत्त होतानाच जमा केल्या होत्या. तरी कित्येक महिने हेलपाटे झाले. वर अहवाल गेला. आणि शेवटी मॅडमनी मला माझा जबाब वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं. 'सदर इसमास शस्त्रांचे कोणतेही ज्ञान नसून, असल्याचा केवळ समज आहे.'

"मॅडम," मी म्हणालो, "हे वाक्य जरा सौम्य करता येईल का?"

"करते," त्या म्हणाल्या. "पण मग तुम्हाला ज्ञान होतं असं होईल. म्हणजे माहीत असून बाळगलंत. चालेल?"

मी सही केली. वळणदार.

रिव्हॉल्व्हर सरकारजमा झालं. माईंना त्याचं काही वाटलं नाही. "त्यांचं होतं, त्यांच्या सरकारकडे गेलं," म्हणाल्या. अण्णांच्या फोटोला नवा हार आला. फोटोपुढच्या कपात कॉफी आली. आणि आमटी सुरू झाली ती आठवड्यातले सगळे दिवस, कारण अण्णांनी आमटीबद्दल म्हटलेलंही आता खरंच ठरलं होतं. सागवानचोरांच्या गोष्टीत चोरांची संख्या वाढली, बैल वाढले, आणि शेवटी एक नवा भाग जोडला गेला. "मग एकदा माझे जावई म्हणाले, हे खोटं आहे..." इथे ऐकणारे हसायला लागतात. मला बघून तर आधीच लागतात.

परवा बापट पुन्हा घरी आले. यंदाच्या संमेलनासाठी त्यांनी नवीन नाटक लिहिलंय.

"तुम्हाला प्रेताचीच भूमिका ठेवलीय," म्हणाले. "पण या वेळी पडदा उघडतानाच मेलेले. एकही संवाद नाही. लोकांची तशी फार मागणी आहे."

मी मान्य केलं. नटाने भूमिका लहान-मोठी बघायची नसते. फक्त एवढंच विचारलं, "बापट, या वेळी मृत्यू कशाने झालाय?"

"ते तुम्ही तपासू नका," बापट म्हणाले.